घरांचा चार्ज

वैशाख अर्धा सरला की अक्कलकुव्याच्या बाजारात आमचुराची पोती उतरायला लागतात. डोंगरातली माणसं ती डोक्यावरून, खांद्यावरून आणतात. मारवाडी शेठजी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, कैरीची एक वाळकी फाक काढून दातांखाली मोडतात आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणतात, "अजून ओली आहे." चेहरा न हलवता एवढं आंबट कसं चावता येतं, हे मला अजून समजलेलं नाही. मी लांबून वास घेतला तरी माझे डोळे मिटतात.

याच दिवसांत आमच्या पंचायत समितीच्या कचेरीत बदलीचे अर्ज यायला लागतात. आमचूर आणि अर्ज, दोन्हींचा हंगाम एकच. आठवडाभरात टेबलावर वीतभर गठ्ठा होतो आणि बहुतेक कागदांवर एकच वाक्य असतं: 'घरगुती अडचणीमुळे माझी बदली खाली व्हावी.' इथे खाली म्हणजे तापीकाठची सपाटी आणि वर म्हणजे सातपुडा. नकाशात दिशा चार असतील. आमच्या आस्थापनेच्या टेबलाला दोनच ठाऊक आहेत.

मधली चार वर्षं धुळ्याला काढून मी यंदा पुन्हा इथे आलो. टेबल तेच आहे, त्याचा एक पाय अजून आखूड आहे. काल पहिला अर्ज हातात घेतला आणि ते दोन शब्द पुन्हा समोर आले. घरगुती अडचण. मला पहिल्यापासून या शब्दांविषयी भारी कुतूहल. आतून कडी घातलेल्या घरासारखे आहेत ते. आत कोण असेल? अंथरुणाला खिळलेला बाप, भांडखोर भावजय, की नुसता डोंगराचा कंटाळा? अर्ज करणारा सांगत नाही, आम्ही विचारत नाही, कागद पुढच्या टेबलाकडे सरकतो. मी एकदाच विचारलं होतं.

तेव्हा जिल्हा परिषदा अजून नव्याच होत्या, पाच-सहा वर्षांच्या. कारभार गावाच्या दारात येणार, असं सगळे म्हणत होते आणि ते खोटं नव्हतं. पदं भराभर मंजूर होत होती. ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, दाई, गुरांचा डॉक्टर. पण पद मंजूर करणं आणि त्या पदावर जिवंत माणूस उभा करणं यांच्यामध्ये एक अख्खा सातपुडा आडवा पडला होता, आणि तो ओलांडायचं काम माझ्याकडे, आस्थापनेच्या कारकुनाकडे आलं होतं.

मी बी.ए. होतो. घराण्यात पहिला, आणि खरं सांगायचं तर आमच्या धानोऱ्याच्या आळीतही पहिला. बाप नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर मिरच्या पसरायचा, उलटायचा. त्याच्या अंगरख्याला कायम ठसका असायचा. नोकरीचं काम काय, असं त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, माणसांच्या बदल्या. तो हसला. "मी जलमभर मिरच्या इकडन्या तिकडे कऱ्यात," तो म्हणाला, "तू आते माणसं करशी!"

सहीखाली मी रोज बी.ए. लिहायचो. आमचे गटविकास अधिकारी साताऱ्याकडचे होते. त्यांनी एकदा विचारलं, "हे दर कागदावर लिहायलाच हवं का हो?" मी म्हटलं, "साहेब, घरात आजपर्यंत अंगठेच उठले. थोडे दिवस लिहू द्या." त्यांनी लिहू दिलं.

माझ्याजवळ एक तक्ता होता. डावीकडे गावाचं नाव, उजवीकडे तिथल्या ग्रामसेवकाचं. खालच्या गावांसमोर मी शाईनं नाव लिहायचो, वरच्या गावांसमोर पेन्सिलीनं. कारण माणूस सोमवारी हजर व्हायचा आणि गुरुवारी दाखला जोडून रजेवर जायचा. "आपल्या गटात वैशाखात साथ येते बघा," साहेब म्हणायचे. "हुकूम हातात पडला की पोट दुखतं. रद्द झाला की त्याच पावली थांबतं." खोडरबरानं तक्त्याचा कागद जागोजागी झिरझिरीत झाला होता.

वरच्या गावांत एकच नाव शाईचं होतं. कोलवीमाळ: विठ्ठल पाटील.

विठ्ठलभाई खालच्या कळसाडीचा गुजर शेतकरी. घरी ऊस, कापूस, बारमाही विहीर. असा माणूस डोंगरात तीन वर्षं कसा टिकला, याचं मला नवल वाटायचं. महिन्याच्या सभेला तो खाली यायचा तेव्हा मी त्याच्याकडे चोरून बघायचो. चपला झिजलेल्या, चेहरा काळवंडलेला, आणि बोलताना मध्येच एखादा भिली शब्द येऊन जायचा, जो आल्याचं त्याला स्वतःला कळायचंही नाही. सगळे रडायचे, हा रडायचा नाही.

आणि त्या वर्षी वैशाख लागताच त्याचाच अर्ज आला. 'घरगुती अडचणीमुळे.'

मी त्याला खुर्ची दिली. "विठ्ठलभाई, हे तुम्हीसुद्धा?"

"अडचण आहे, भाऊसाहेब."

"कसली? विचारतो म्हणून रागावू नका. मला खरंच जाणून घ्यायचंय."

त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, आवाज खाली आणला. मग म्हणाला, "घरी मंडळींना दिवस गेलेत. ज्येष्ठ लागताना बाळंतपण आहे."

"मग ही तर आनंदाची गोष्ट!"

"मागचं मूल सहा दिवसांचं होऊन गेलं. मी वर होतो. मला नवव्या दिवशी कळलं." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "या वेळी मूल हातात येईपर्यंत परक्या माणसाजवळ बोलायचं नाही, अशी आईनं आण घातलीय. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही सरकार. सरकारची दृष्ट लागत नाही."

मी हसलो, तोही हसला. पण त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते, ते मला दिसले. मागच्या वेळी नव्हतो, या वेळी घरी असायचं आहे. अर्जाच्या दोन शब्दांत एवढंच होतं.

बदलीचा हुकूम मी आठ दिवसांत काढून आणला. पण खालची ओळ माझ्या हातात नव्हती: नवा माणूस हजर होऊन त्याला चार्ज दिल्याशिवाय जुन्याला सोडू नये. नियम चांगला होता. तो नसता तर वरची सगळी गावं एका आठवड्यात ओस पडली असती. नवा माणूस होता सुकलाल, साक्रीकडचा, अखंड बोलणारा. त्याला मी हुकूम दिला, पत्ता दिला, निरोप दिला. विठ्ठलभाई वर त्याची वाट बघत बसला.

पाचव्या दिवशी सुकलाल माझ्या टेबलासमोर उभा. पायाला फोड, टोपी हरवलेली.

"भाऊसाहेब, गाव सापडनं नही."

"म्हणजे?"

"तठे गावच नही शे! मी दोन दिन चालनू. पार नर्मदामायपर्यंत गऊ. मधमा डोंगर, डोंगरवर एक झोपडी, मंग परत डोंगर. एक माणूसले इचारं, कोलवीमाळ कोठे? त्यानी हनुवटी अशी गोल फिरावी. मी म्हनं, पुढे व्हई. चालत ऱ्हायनू."

"ग्रामसेवक कुठे राहतो, ते विचारायचं!"

"इचारं ना! तो शब्दच कोनले माहीत नही. एक घरना अंगनमा गऊ, तर माले देखीसन बाई पोरेसले लई घरमा घुसनी. मी काय वाघ शे का?"

त्यानं तसा लेखी रिपोर्टही दिला होता. 'सदर गाव नमूद ठिकाणी आढळून आले नाही.' साहेब तो कागद वाचून आधी हसले, मग संतापले, मग माझ्याकडे वळले. "तुम्ही बी.ए. आहात ना? जा याच्याबरोबर. गाव आहे का नाही ते बघून या."

टोमणा होता, पण मला तो बढतीसारखा वाटला. ज्या गावांची नावं मी वर्षभर लिहीत आणि पुसत होतो, त्यांतलं एकही मी पाहिलेलं नव्हतं.

मोलगीपर्यंत लाकडाच्या ट्रकमधून आणि पुढे दिवसभर पायी. वैशाखातला सातपुडा ओसाड असेल अशी माझी समजूत होती. पण उतारावरच्या प्रत्येक सपाट खडकावर कैऱ्यांच्या पांढऱ्या फाका वाळत होत्या. लांबून वाटे, कुणी धुणं वाळत घातलंय. वारा आला की अख्खा डोंगर आंबट व्हायचा. सुकलाल मागून बोलतच होता, आणि कोलवीमाळ अजून किती लांब, हे मी दर वळणाला विचारत होतो. शेवटी समोरून विठ्ठलभाईच आला, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या.

"पोचलो का?" मी विचारलं.

"सकाळी दहालाच पोचलात," तो म्हणाला. "तेव्हापासून गावातच चालताय."

आमच्या खानदेशात गाव म्हणजे भिंतीला भिंत, चावडी, पार, वेस. इथे प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. बासष्ट घरं आणि त्यांच्यामध्ये दोन ओढे, एक खिंड, चार टेकड्या. त्या माणसानं हनुवटी गोल फिरवली ती बरोबरच होती. तो म्हणत होता, हे सगळंच कोलवीमाळ. आणि सुकलाल त्या गावातून आरपार चालत जाऊन नदीला पाय लावून परत आला होता.

अंगणाचंही कोडं सुटलं. कुणाच्याही घरी गेलं तरी कुंपणाच्या बाहेर थांबायचं, हाक घालायची आणि आतून माणूस येईपर्यंत दुसरीकडे बघत उभं राहायचं. न पुकारता कुंपण ओलांडतो तो चोर किंवा शिपाई. विठ्ठलभाईनं हाक कशी घालायची ते करून दाखवलं. सुकलालनं घातली. ती ऐकून दोन टेकड्यांवरचे कुत्रे भुंकले आणि कुठेतरी बायका खदखदून हसल्या.

विठ्ठलभाई कारभाऱ्याच्या पडवीत राहायचा. कारभारी खेमजी, पन्नाशीचा, हाडापेरानं मजबूत. बाजारात जाऊन जाऊन त्याला मोडकं मराठी येत होतं. त्याची आई गिंबी. तिला सगळं गाव याहा म्हणायचं, याहा म्हणजे आई. ती अंगणात कैऱ्यांच्या ढिगापुढे बसली होती. साल काढायची, फाक पाडायची, कोय बाजूला टाकायची. आमच्याकडे तिनं एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

"हुकूम आल्यापासून माझ्याशी बोलत नाही," विठ्ठलभाई हळूच म्हणाला.

दप्तराचा चार्ज अर्ध्या तासात झाला. जन्ममृत्यूची नोंदवही, शिक्का, कंदील, फवारणीचा पंप, एक मोडकं कुलूप. मी यादी वाचली, सुकलालनं मान डोलावली. मग मी खेमजीला म्हणालो, "कारभारी, हा तुमचा नवा माणूस. विठ्ठलभाईला आता सोडा."

खेमजीनं सुकलालला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "हा इठल आला, तेव्हा असाच होता. कुंपण ओलांडून आत यायचा. कोणत्या झऱ्याचं पाणी प्यायचं, माहीत नाही. बोलता येत नाही. दोन पावसाळे आम्ही शिकवला. आता कामाचा झाला, तर तुम्ही नेता. याच्या आधीचा पण नेला. त्याच्या आधीचा पण नेला." त्यानं हनुवटीनं सुकलालकडे खूण केली. "आमचं गाव तुमची शाळा आहे का?"

सेवापुस्तकात प्रशिक्षणाचा रकाना असतो. विठ्ठलभाईच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात सरकारी प्रशिक्षण केंद्राचं नाव लिहिलं होतं. तिथे कोलवीमाळ लिहावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं, "कारभारी, मला याचं उत्तर येत नाही."

बहुधा तेच त्याला आवडलं. तो म्हणाला, "ने. पण यानं घरं देऊन जायचं. कागद दिले, ते तुमचं. घरं दे, ते आमचं."

घरं द्यायची म्हणजे प्रत्येक कुंपणाशी दोघांनी उभं राहायचं, हाक घालायची, आत बसायचं, समोर येईल ते खायचं, आणि विठ्ठलभाईनं सांगायचं: आजपासून माझ्या जागी हा. पहिल्या दिवशी पाच घरं झाली. दुसऱ्या दिवशी सहा. कारण घाईनं उठणं म्हणजे अपमान, आणि दोन घरांमध्ये एकेक डोंगर. मी मनात हिशेब केला. या चालीनं ज्येष्ठ इथेच लागला असता.

दुसऱ्या दिवशी परतताना मी त्याला बाजूला घेतलं. "विठ्ठलभाई, खेमजीला खरं कारण सांगून टाका."

"आईची आण आहे."

"मग सरळ निघा. चार्ज पूर्ण झाला असं मी लिहून देतो."

"तुम्ही लिहाल हो! पण घरं अर्धी टाकून गेलो तर सुकलालला इथे कुणी उभं करणार नाही. पाणी देतील, एक शब्द बोलणार नाहीत. तो आठ दिवसांत खाली येईल, आणि मग साहेब मलाच परत वर पाठवतील." मग म्हणाला, "आणि त्यांना वाटतंय मी त्यांना कंटाळून चाललो. ते मला सहन होत नाही, भाऊसाहेब."

मला तेव्हा विलक्षण वाटलं होतं, आजही वाटतं. तीन वर्षं एका पडवीत राहून त्यानं हे सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. कचेरीसारखंच. आम्ही विचारत नाही कारण रकाना नसतो. त्यांनी विचारलं नाही कारण न पुकारता कुणाच्या कुंपणाच्या आत जायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. याहा नेहमीसारखी कैऱ्यांपुढे. मान वर न करताच ती काहीतरी बोलली. दोन-तीन शब्द असतील, पण कडवट. विठ्ठलभाईचा पाय जागीच थबकला. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि अगदी हळू, तुटक तुटक काही बोलला. मला एक शब्द कळला नाही.

"काय सांगी ऱ्हायना तो?" मी सुकलालला विचारलं. माझ्याही तोंडून अहिराणीच निघाली.

"माले काय माहीत!" सुकलाल कुजबुजला. आयुष्यात पहिल्यांदाच तो थोडक्यात बोलला असेल.

याहाची सुरी थांबली. तिनं मान वर केली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि हातातली कोय उचलून त्याच्या छातीवर फेकून मारली. मग जी बोलत सुटली ती थांबेचना. खेमजी आतून धावत आला, ऐकत राहिला, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, मी म्हटलं कंटाळलास तर जा, तेव्हा बोललास. तीन वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि एवढं सांगायला तोंड नव्हतं? आम्ही भुतं आहोत का नजर लावायला? आधीचं मूल गेलं तेव्हा पण गप्प बसून जेवत होतास. मी विचारलं नाही, ती माझी चूक. आता ऊठ." खेमजी हसला. "म्हणते, राहिलेली घरं मी देते."

याहा उठली. तिची कंबर पूर्ण सरळ होत नव्हती. तिनं पडवीतून विठ्ठलभाईची पिशवी आणली आणि त्याच्या खांद्यावर अशी अडकवली की तो एक पाऊल मागे गेला. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला, माझ्या यादीवर उभ्या उभ्या सही केली आणि उताराला लागला. चालत नव्हता, उतरत नव्हता, घसरत होता म्हणा. खिंडीशी त्याचा पांढरा सदरा दिसला, मग दिसला नाही.

यादीखाली मी लिहिलं: 'चार्ज पूर्ण.' एक्कावन्न घरं बाकी असताना. नोकरीत मी केलेली ही एकच खोटी नोंद, आणि मला तिची लाज वाटत नाही. त्याखाली बी.ए. लिहायचं मात्र त्या दिवशी राहून गेलं.

पुढचे दोन दिवस मी याहाच्या मागे मागे फिरलो. पुढे ती काठी टेकत, मागे सुकलाल, त्याच्या मागे मी. ती हाक घालायची, आणि तिची हाक ऐकून माणसं कुंपणाशी धावत यायची. प्रत्येक घरी ती सुकलालच्या पाठीवर थाप मारून तेच एक वाक्य म्हणायची आणि घरातली माणसं हसायची. तिसऱ्या घरी सुकलालला ते समजलं. "भाऊसाहेब, ही म्हातारी सांगस, हाऊ कच्चा शे, पिकाले येळ लागी." तो रागावला नव्हता. कैरीची एक फाक चोखत होता आणि डोळे मिटत होता.

मी खाली आलो. बारा-तेरा दिवसांनी माझ्या टेबलावर पोस्टकार्ड आलं. 'मी पोचलो. चौथ्या दिवशी मुलगी झाली. दोघी सुखरूप. वर कळवावे.' वर टपाल जात नव्हतं. वर जाणारं कुणी त्या आठवड्यात नव्हतंही. सुकलालचा हजर रिपोर्ट सहीसह आणायचा आहे, असं साहेबांना सांगून मी निघालो. साहेबांनी पोस्टकार्ड पाहिलं होतं. त्यांनी जायची परवानगी लिहून दिली.

कुंपणाबाहेर उभं राहून मी हाक घातली आणि डोंगराकडे बघत राहिलो. याहा आली, तिच्या पाठोपाठ सुकलालही आला. त्याच्या डोक्याला आता इथलं पागोटं होतं. मी काही सांगायच्या आत ती माझ्या चेहऱ्याकडे बघत काहीतरी म्हणाली.

"इचारस," सुकलाल म्हणाला, "तो येळवर पोचना का?"

"पोचना," मी म्हणालो. "पोर व्हयनी. दोन्ही बऱ्या शेत. तो तठेच व्हता."

सुकलालनं ते तिला सांगितलं. जेवढे शब्द जमले तेवढ्यांत, बाकी हातांनी. तिनं ऐकलं. दोनदा मान हलवली. खडकावरच्या वाळलेल्या फाका सुपात भरायला ती खाली वाकली, आणि वाकलेली असतानाच थांबली. वळून तिनं सुकलालकडे पाहिलं आणि त्याला काहीतरी विचारलं.

सुकलालनं खाली बघून पागोटं नीट केलं. 

"काय म्हणते?" मी विचारलं.

"इचारस, तुन्हा घर कोन कोन शे."

मी त्याचा नोकरीचा अर्ज वाचला होता, हुकूम काढला होता, सेवापुस्तक उघडलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं.

सुकलाल खडकाच्या कडेला बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सांगायला लागला. भिली संपली, मराठी आली, मराठी संपली, मग नुसती अहिराणी. याहाला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. ती सूप मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली होती आणि तो थांबला की हुंकार देत होती, म्हणजे त्यानं पुढे बोलावं.